कार्टसाठी ब्रेक डिस्क लहान कापून घेताना

रेसिंग कार्टचा मागचा टायर बहुतेक ठिकाणी 11×7.10-5 या मापाचा असतो. यातला पहिला आकडा बाहेरच्या व्यासाचा: 11 इंच, म्हणजे जवळपास 280 मिलिमीटर. कार्टला सस्पेन्शन नसतं, त्यामुळे मागच्या ॲक्सलचा मध्य जमिनीपासून 140 मिमी उंचीवर येतो आणि तिथेच राहतो. त्याच ॲक्सलवर ब्रेकची डिस्क बसते. डिस्क 220 मिमीची असेल तर तिची खालची कड मध्यापासून 110 मिमी खाली जाते आणि जमिनीपर्यंत उरतात फक्त 30 मिमी. टायर वजनाखाली थोडा दबतो, झिजतो, हवा कमी ठेवली तर आणखी बसतो. मग कार्ट कर्बवर, म्हणजे ट्रॅकच्या उंच कडेवर, चढली की डिस्क आधी आपटणार, हे उघड आहे.

इथे अनेकांचा एक समज असतो की चॅसी वर घेतली की प्रश्न सुटेल. तो सुटत नाही. ॲक्सल बेअरिंगच्या कॅरियरमध्ये वरखाली बसवून आपण चॅसीची उंची बदलतो, ॲक्सलची नाही. ॲक्सलची उंची ठरवतो तो टायर. उलट चॅसी वर घेतली की तिचे खालचे पाइप डिस्कच्या कडेपेक्षा वर जातात आणि आधी जो मार पाइप खात होते तो आता डिस्क खाते. म्हणून मोठ्या डिस्कवर खरे उपाय दोनच: तिच्याखाली संरक्षक पॅड लावणं किंवा डिस्कचा व्यास कमी करणं.

तयार कार्टसोबत येणारी मागची डिस्क बहुधा 180 ते 210 मिमीच्या आसपास असते, त्यामुळे तिथे ही वेळ क्वचित येते. वेळ येते ती घरी किंवा कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये बांधलेल्या कार्टवर. तिथे मोटरसायकलची डिस्क वापरायचा मोह होतो, कारण ती सहज मिळते, मजबूत असते आणि तिचे ब्रेक पॅडही, म्हणजे डिस्कवर घासून तिला थांबवणारे तुकडेही, मिळतात. पण मोटरसायकलचं चाक मोठं असतं, त्यामुळे तिला 240 किंवा 300 मिमीची डिस्क चालते. कार्टला ती चालत नाही. कधी लहान मुलांच्या कार्टसाठी लहान टायर लावायचे असतात, कधी हाताशी असलेला कॅलिपर, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणारी पकड, मोठ्या डिस्कवर बसत नाही. मग डिस्क लेथवर, म्हणजे वस्तू फिरवून कापणाऱ्या यंत्रावर, जाते.

माझं मत सुरुवातीलाच सांगतो. डिस्क जागेसाठी कापावी, हलकी करण्यासाठी कापू नये. या दोन कारणांत बराच फरक आहे आणि तो आकड्यांत दिसतो.

हलकेपणाचा हिशेब

समजा 4 मिमी जाडीची पोलादी डिस्क आहे. बाहेरचा व्यास 220 मिमी, आतलं मोठं भोक 120 मिमी, मधला सगळा भाग सपाट. ती 190 मिमीपर्यंत कापली. कापून काढलेल्या कड्याचं वजन सुमारे 300 ग्रॅम भरतं. हे वजन फिरणारं आहे आणि तेही सगळ्यात बाहेरच्या कडेचं, म्हणून त्याचा परिणाम मोठा असणार असं सांगितलं जातं. तत्त्व बरोबर आहे. फिरणाऱ्या वस्तूचं जडत्व त्रिज्येच्या वर्गाने वाढतं, त्यामुळे बाहेरचा एक ग्रॅम आतल्या एका ग्रॅमपेक्षा जास्त भारी पडतो.

पण हिशेब शेवटपर्यंत करून पाहा. त्या कड्याचं फिरण्याचं जडत्व टायरच्या त्रिज्येच्या मापात आणलं तर ते सरळ चालणाऱ्या सुमारे 160 ग्रॅम वजनाइतकं येतं. म्हणजे 300 ग्रॅम कापल्यावर कार्टला फायदा होतो तो 460 ग्रॅम कमी केल्याइतका. चालकासह 160 किलोच्या कार्टवर हे 0.3 टक्केही नाही. चालकाने हेल्मेट बदललं तरी एवढा फरक पडू शकतो.

आता याच कापण्याची दुसरी बाजू. डिस्क हे उष्णतेचं कोठार आहे. ब्रेक दाबल्यावर कार्टची गती नाहीशी होत नाही, ती उष्णता होऊन डिस्कमध्ये उतरते. 160 किलोची कार्ट ताशी 100 किमीवरून 50 वर आणली तर सुमारे 46 किलोज्यूल ऊर्जा बाहेर पडते. यातली थोडी टायर आणि हवा घेतात, थोडी इंजिन घेतं, पण समजण्यापुरती सगळी डिस्कमध्ये गेली असं धरू. न कापलेली डिस्क सुमारे 830 ग्रॅमची आहे, तिचं तापमान एका ब्रेकमध्ये साधारण 115 अंशांनी वाढेल. कापलेली डिस्क उरते 530 ग्रॅमची, तिचं वाढेल 180 अंशांनी. लगेच पुढचं वळण येतं आणि डिस्क पूर्ण थंड व्हायच्या आत पुन्हा ब्रेक लागतो. शिवाय हवेला उष्णता देणारा पृष्ठभागही त्याच प्रमाणात, म्हणजे 36 टक्क्यांनी, घटलेला असतो.

ही उष्णता डिस्कपुरती थांबत नाही. ती पॅडमधून त्याला ढकलणाऱ्या पिस्टनकडे आणि पिस्टनमधून ब्रेक ऑइलकडे जाते. डॉट 4 प्रकारचं ताजं ऑइल किमान 230 अंशांपर्यंत उकळता कामा नये असं त्याचं मानक सांगतं. पण हवेतलं पाणी शोषून जुनं झालेल्या त्याच ऑइलसाठी ही मर्यादा 155 अंश आहे. ऑइल उकळलं की वाफेचे बुडबुडे होतात, बुडबुडे दाबले जातात आणि पेडल खाली जाऊनही ब्रेक लागत नाही. सव्वातीनशे ग्रॅमही न भरणाऱ्या कड्यासाठी एवढा धोका पत्करण्यात अर्थ नाही. जागेसाठी मात्र कापणं भाग असतं, आणि म्हणूनच ते किती आणि कसं कापायचं हे नीट ठरवावं लागतं.

ब्रेक किती कमी लागेल

ब्रेकची ताकद पॅड किती जोरात दाबतो यावर जशी अवलंबून असते, तशी तो मध्यापासून किती लांब दाबतो यावरही असते. पॅडच्या घासणाऱ्या पट्ट्याचा मध्य ज्या त्रिज्येवर येतो ती कामाची त्रिज्या. आपला पॅड 30 मिमी उंचीचा असेल तर 220 च्या डिस्कवर कामाची त्रिज्या 95 मिमी येते. डिस्क 190 ची झाल्यावर पॅड 15 मिमी आत सरकतो आणि ही त्रिज्या 80 मिमी होते. पायाचा जोर तोच ठेवला तर ब्रेकची ताकद सुमारे 16 टक्क्यांनी घटते.

हे नेहमी वाईटच असतं असं नाही. ज्या कार्टला फक्त मागे ब्रेक आहे, तिथे ब्रेक दाबताच वजन पुढच्या चाकांवर झुकतं, मागची चाकं हलकी होतात आणि सहज लॉक होतात. दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारं डिफरन्शियल नसल्यामुळे दोन्ही मागची चाकं एकाच ॲक्सलवर जखडलेली असतात. लॉक झाली तर एकदम दोन्ही होतात आणि मागची बाजू फिरते. अशा कार्टवर ब्रेक आधीच गरजेपेक्षा तिखट असेल, तर 16 टक्क्यांची घट चालकाला हवीहवीशी वाटू शकते. पेडलवर जरा जास्त जोर द्यावा लागतो, पण लॉक होण्याच्या अलीकडची जागा पायाला सापडते.

घट भरून काढायचीच असेल तर मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडलच्या जोराने ब्रेक ऑइलवर दाब आणणारा सिलिंडर, लहान करावा. हायड्रॉलिक्समध्ये पायाचा जोर तोच असताना दाब सिलिंडरच्या व्यासाच्या वर्गाच्या उलट प्रमाणात बदलतो. पाऊण इंची, म्हणजे 19.05 मिमीच्या मास्टर सिलिंडरऐवजी 11/16 इंची, म्हणजे 17.46 मिमीचा लावला तर दाब 19 टक्क्यांनी वाढतो. आपल्याला 95 भागिले 80, म्हणजे तेवढाच हवा होता. मात्र पेडलचा प्रवासही 19 टक्क्यांनी लांबतो, तेव्हा पेडल कशाला टेकण्याआधी ब्रेक पूर्ण लागतो की नाही ते तपासावं लागतं. पॅडचं मटेरियल बदलणं हा दुसरा मार्ग, पण ते पॅड जास्त तापमानावर कसं वागतं हे माहीत असेल तरच.

गिअरबॉक्स असलेल्या कार्टला पुढेही ब्रेक असतात. तिथे फक्त मागची डिस्क लहान केली तर ब्रेकचा भार पुढे सरकतो आणि पुढच्या-मागच्या ब्रेकचं वाटप नव्याने जुळवावं लागतं.

कोणती डिस्क कापता येते

कापण्याआधी डिस्कवर पांढऱ्या मार्करने दोन वर्तुळं काढावीत. एक नव्या कडेचं, दुसरं पॅडच्या आतल्या कडेचं. आपल्या उदाहरणात ती 190 आणि 130 मिमी व्यासाची. या दोन वर्तुळांमधला पट्टा पूर्ण सपाट आणि अखंड असला पाहिजे. बऱ्याच मोटरसायकल डिस्क इथेच बाद होतात. त्यांचा घासणारा पट्टा मुळात पॅडपेक्षा थोडाच रुंद असतो, त्याच्या आत लगेच आरे किंवा खिडक्या सुरू होतात. अशी डिस्क बाहेरून 15 मिमी कापली तर पॅड आत सरकून थेट आऱ्यांवर चढतो. पेडल थरथरतं, पॅडची आतली कड कुरतडली जाते. ती डिस्क कापू नये, दुसरी शोधावी.

दुसरी पाहणी भोकांची. डिस्कला थंडाव्यासाठी आणि पॅडची धूळ बाहेर टाकण्यासाठी भोकं असतात. नवी कड एखाद्या भोकाच्या मधून गेली तर कडेवर अर्धचंद्राच्या खाचा उरतात, आणि तापून-थंड होऊन तडा सुरू व्हायला याहून सोयीची जागा नाही. कड भोकाला अगदी चाटून गेली तर मध्ये कागदासारखी पातळ भिंत उरते, ती आणखी वाईट. मी नव्या कडेपासून जवळच्या भोकापर्यंत किमान एका भोकाच्या व्यासाएवढं धातू शिल्लक ठेवेन. त्यासाठी व्यास 190 ऐवजी 192 किंवा 187 करावा लागला तरी चालेल. व्यासाचा आकडा आपल्या सोयीचा आहे. भोकांची जागा बदलता येत नाही.

वापरलेल्या डिस्कचा एक त्रास फार जणांच्या लक्षात येत नाही. जुना पॅड जिथे घासत होता तिथे डिस्क झिजलेली असते, त्याच्या आतला भाग अजून मूळ जाडीचा असतो. पॅड 15 मिमी आत सरकला की त्याचा अर्धा भाग झिजलेल्या पट्ट्यावर आणि अर्धा उंच पट्ट्यावर टेकतो. पॅड तिरका बसतो, अर्ध्याच भागावर काम करतो, तिथेच तापतो. त्यामुळे जुनी डिस्क कापायची असेल तर दोन्ही बाजू ग्राइंड करून पातळी एक करावी लागते, आणि त्यानंतरही तिची जाडी डिस्कवर कोरलेल्या किमान आकड्याच्या वर राहिली पाहिजे. राहत नसेल तर ती भंगार आहे. शक्य असेल तिथे कापायला नवी डिस्कच घ्यावी.

आतून हवा खेळणाऱ्या, दोन चकत्यांमध्ये पंख असलेल्या डिस्कच्या वाटेला जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. त्यांचे पंख बाहेरच्या कडेपर्यंत येतात. कड कापली की पंख आखूड होतात, हवा कमी ओढली जाते आणि ओतकामात राहिलेला असमतोल उघडा पडतो.

धातू ओळखणं

कार्टच्या डिस्क बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या किंवा पोलादाच्या असतात. मोटरसायकलच्या डिस्क बहुधा 12 टक्क्यांच्या आसपास क्रोमियम असलेल्या, कडक केलेल्या स्टेनलेसच्या. हे स्टेनलेस चुंबकाला चिकटतं, त्यामुळे चुंबक लावून ते साध्या पोलादापासून वेगळं काढता येणार नाही. कानस लावून पाहावी, अर्थात पॅड घासत नाही अशा कडेवर. बीड कानशीखाली सहज सुटतं आणि बोटाला काळी भुकटी लागते. ती त्यातल्या ग्रॅफाइटची. कडक स्टेनलेसवर कानस घसरते, धरत नाही. त्याचा कडकपणा रॉकवेल सी मापात साधारण 35 च्या आसपास असतो.

बिडाला कूलंटशिवाय कापता येतं. चिप्स लांब न येता चुरा होऊन पडतात. तो चुरा मशीनच्या पट्ट्यांवर बसला तर त्या घासतो, म्हणून काम झाल्यावर मशीन पुसणं हा त्याच कामाचा भाग. स्टेनलेसला धारदार कार्बाइड टिप, भरपूर कूलंट आणि न थांबणारी फीड, म्हणजे टूलची पुढे सरकण्याची चाल, लागते. टूल एकाच जागी घासत राहिलं की तिथला थर आणखी कडक होतो आणि पुढच्या पासला, म्हणजे टूलच्या पुढच्या फेरीला, टिपच जाते.

लेथवर बांधणी

या कामाचं यश कापण्यापेक्षा बांधणीत आहे. 4 मिमीची चकती मधोमध धरून तिच्या बाहेरच्या कडेला टूल लावलं की ती झांजेसारखी थरथरते, कडेवर लाटा उठतात, टिप तुटते. म्हणून डिस्कच्या मागे एक जाड आधाराची प्लेट हवी आणि पुढूनही एक दाबणारी प्लेट हवी. दोन्ही प्लेटचा व्यास अंतिम मापापेक्षा थोडाच कमी ठेवावा, म्हणजे 190 ची डिस्क हवी असेल तर 186 च्या आसपास. मग आधाराबाहेर डिस्कचा जेमतेम 2 मिमीचा ओठ उरतो आणि थरथरायला त्याला वाव राहत नाही.

मागची प्लेट आधी चकमध्ये, म्हणजे लेथच्या जबड्यांच्या पकडीत, धरून तिचा चेहरा फेसिंग करून, म्हणजे सपाट कापून, घ्यावा आणि त्याच बांधणीत तिच्यावर डिस्कच्या मधल्या भोकात नेमकी बसेल अशी छोटी पायरी काढावी. प्लेट चकमधून काढायची नाही. डिस्क त्या पायरीवर बसवून तिच्याच बोल्टच्या भोकांतून आवळावी. असं केलं की डिस्कचा मध्य आणि लेथचा मध्य आपोआप एक होतात. डिस्क थेट चकच्या जबड्यात घासणाऱ्या पट्ट्यावर धरणं ही चुकीची पद्धत आहे; जबड्याचे ठसे पॅडला नंतर छळतात. आवळल्यावर सुईने बारीक हालचाल दाखवणारा डायल गेज डिस्कच्या चेहऱ्यावर लावून हाताने एक फेरा फिरवावा. सुई 0.05 मिमीहून जास्त हलत असेल तर प्लेट आणि डिस्कच्या मध्ये कुठेतरी चिप किंवा बर (कापताना कडेला उरलेला टोकदार धातू) अडकलेला आहे. काढावी, पुसावी, पुन्हा बसवावी.

बाहेरची कड मध्याशी किती नेमकी हवी, याची भीती मात्र उगाच वाढवली जाते. पॅड कडेवर चालत नाही, चेहऱ्यावर चालतो. कार्ट ताशी 100 किमी धावताना ॲक्सल मिनिटाला सुमारे 1,900 फेरे घेतो. आपल्या 190 च्या डिस्कची कड मध्यापासून अर्धा मिलिमीटर सरकली असेल तर त्या वेगाला साधारण दीड-दोन किलोचा फिरता हेलकावा तयार होतो. हे टाळावं, पण वर सांगितलेल्या बांधणीत चूक अर्ध्या मिलिमीटरच्या जवळपासही जात नाही. खरी अचूकता चेहऱ्याच्या सपाटपणात आणि जाडीच्या सारखेपणात लागते. जाडीत मिलिमीटरच्या दोन-तीन शंभरांशांचा फरकसुद्धा पेडलच्या धडधडीतून पायाला कळतो.

आता कापणं. त्रिज्येत 15 मिमी घालवायचे आहेत आणि पासला अर्धा ते एक मिमीहून जास्त कट घेऊ नये, म्हणजे नुसतं टर्निंग केलं तर काम कंटाळवाणं होतं आणि सगळा धातू चिप्समध्ये जातो. जाणकार टर्नर चेहऱ्यावरून ग्रूव्ह काढून अख्खं कडं वेगळं करतो. हे दिसतं सोपं, पण यात दोन सापळे आहेत. ग्रूव्हची बाहेरची भिंत वक्र असते, त्यामुळे टूलची बाहेरची बाजू खालून घासून काढलेली नसेल तर ती त्या भिंतीवर रगडते, तापते आणि अडकते. दुसरा सापळा शेवटच्या क्षणाचा: कडं सुटतं तेव्हा ते फिरत असतं. ते सुटल्यावर टूलवर चढतं, वाकतं आणि कुठेही उडतं. म्हणून धातूचा शेवटचा पातळ पापुद्रा मशीन बंद करून हाताने तोडावा, किंवा मागे मोठी प्लेट ठेवून बाहेरचं कडंही तिला बोल्टने जखडावं. यात घाई नको. चक थांबण्याआधी हात जवळ नेणं तर अजिबात नको.

फेऱ्यांचा हिशेब सोपा आहे. कार्बाइड टिपने 80 मीटर प्रतिमिनिट हा कापण्याचा वेग धरला तर 220 मिमी व्यासाला मिनिटाला साधारण 115 फेरे येतात. पाहणाऱ्याला हे फार संथ वाटतं, पण कडेचा वेग पुरेसा असतो. साध्या हायस्पीड स्टीलच्या टूलने बीड कापायचं तर 35 फेऱ्यांच्या आसपास राहावं. शेवटचे दोन पास हलके, 0.1 मिमी प्रतिफेरा फीडने. मग दोन्ही कडांना 45 अंशांत अर्धा मिमी चॅम्फर, म्हणजे तिरका छाट, आणि बोट फिरवून बर राहिला नाही याची खात्री, अर्थात मशीन पूर्ण थांबल्यावर. धारदार कड पॅड बदलताना हात कापते आणि तड्यालाही वाट देते.

लेथला पर्याय आहेत. वॉटरजेट मला सगळ्यात पसंत आहे, विशेषतः कडक स्टेनलेससाठी, कारण त्यात धातू तापत नाही. लेझरने काम पटकन होतं, पण कडेचा पातळ थर तापून कडक आणि ठिसूळ होतो. म्हणून तिथे अर्धा ते एक मिमी जास्त ठेवून नंतर तो थर लेथवर काढून टाकावा. दोन्हीकडे काम देताना एक गोष्ट ठामपणे सांगावी लागते: मध्य मधल्या भोकावरून घ्यायचा, जुन्या बाहेरच्या कडेवरून नाही. ग्राइंडरने हाताने गोल कापणं मात्र टाळावं. कड निळी-जांभळी होईपर्यंत तापते, हा रंग धातूचा कडकपणा बदलत असल्याची खूण आहे, आणि त्यावर पाणी ओतलं तर सूक्ष्म तडे जातात.

कॅलिपर आत आणणं

डिस्क त्रिज्येत 15 मिमी लहान झाली की कॅलिपरही तेवढाच आत यायला हवा. ब्रॅकेटला नवी भोकं पाडण्याआधी कॅलिपर हातात धरून जागेवर पाहावा, कारण आत सरकल्यावर त्याची आतली बाजू डिस्कच्या हबला (डिस्क ॲक्सलवर धरणाऱ्या भागाला) किंवा बोल्टच्या डोक्यांना लागू शकते. डिस्कची कड आणि कॅलिपरचा पूल यांत 2-3 मिमी मोकळीक ठेवावी. डिस्क तापून फुगते, दगडही अडकतो.

पॅडची वरची कड डिस्कच्या कडेच्या बाहेर येता कामा नये. बाहेर आलेला भाग झिजत नाही. बाकीचा पॅड झिजत जातो, वर ओठ उरतो आणि शेवटी दोन्ही पॅडचे ओठ डिस्कच्या बाहेरून एकमेकांना भिडतात. त्या दिवशी पेडल टणक लागतं, पण पॅड डिस्कला धड दाबतच नाहीत.

इथे एक बारकी गोष्ट मोजून पाहण्यासारखी आहे. पॅडची वरची कड मूळ डिस्कच्या वळणाला जुळेल अशी कमानदार असते. 50 मिमी लांबीच्या पॅडची ही कमान 220 च्या डिस्कसाठी सुमारे 2.9 मिमी खोल असते, तर 190 च्या डिस्कला 3.3 मिमीहून थोडी जास्त हवी. म्हणजे पॅडचा मध्य कडेशी नेमका जुळवला तर त्याचे दोन्ही कोपरे जवळपास अर्धा मिमी बाहेर डोकावतात. उपाय सोपा आहे: कॅलिपर आणखी एक मिमी आत घ्यावा किंवा पॅडचे कोपरे कानशीने उतरवावेत. आधी मात्र आत पुरेसा सपाट पट्टा आहे ना, ते पाहावं. आपल्या उदाहरणात पॅड 130 वर थांबतो आणि सपाट भाग 120 पर्यंत आहे, म्हणजे त्रिज्येत 5 मिमी शिल्लक आहेत.

ब्रॅकेटवरचा ताणही वाढतो. तितकाच ब्रेक लागायचा तर लहान त्रिज्येवर पॅडला 19 टक्के जास्त खेचावं लागतं, आणि ती खेच थेट कॅलिपरच्या बोल्टवर येते. जुनी आणि नवी भोकं एकमेकांत मिसळली असतील तर ते ब्रॅकेट वापरू नये, नवं करून घ्यावं. कॅलिपर डिस्कवर मधोमध आणि समांतर बसवायला शिम, म्हणजे मध्ये घालायच्या पातळ चकत्या, असतात. दोन्ही बाजूंची फट सारखी येईपर्यंत ते जुळवावेत.

नियम आणि पहिली चाचणी

आंतरराष्ट्रीय कार्टिंगच्या नियमांत ब्रेक हा मान्यताप्राप्त भाग असतो. मान्यता मिळालेल्या मापाची डिस्क कापली की ती मान्यता राहत नाही. म्हणून ज्या गटात असे ब्रेक सक्तीचे आहेत तिथे हा उद्योग करू नये. कार्बनच्या डिस्कला त्या नियमांत मनाई आहे. आणि मागची डिस्क चॅसीच्या सगळ्यात खालच्या मुख्य पाइपांच्या बरोबरीला किंवा त्यांच्याही खाली येत असेल तर तिच्याखाली टेफ्लॉन, नायलॉन किंवा तत्सम मटेरियलचा संरक्षक पॅड सक्तीचा आहे. डिस्क लहान केल्यावरही ती पाइपांच्या खाली उतरत असेल तर तो पॅड लागतोच. बाकी स्थानिक स्पर्धा आपापले नियम ठेवतात, ते कापण्याआधी वाचावेत.

सगळं जोडल्यावर कार्ट स्टँडवर घेऊन ॲक्सल हाताने फिरवावा आणि डायल गेज पुन्हा डिस्कच्या चेहऱ्यावर लावावा. लेथवर शून्य दाखवणारी डिस्क हबवर बसल्यावर हलत असेल तर दोष हबचा किंवा वाकलेल्या ॲक्सलचा आहे, डिस्कचा नाही. ब्रेक ऑइल ताजं भरून हवा काढावी. ऑइल कोणत्या प्रकारचं चालेल हे सील ठरवतात, म्हणून मास्टर सिलिंडर किंवा कॅलिपरच्या उत्पादकाने सांगितलेलंच वापरावं, दोन प्रकार मिसळू नयेत.

नव्या पृष्ठभागावर पॅड आधी बसू द्यावे लागतात. मध्यम वेगावरून हलके ब्रेक, मध्ये थंड व्हायला वेळ, मग हळूहळू जोर. पॅडचा ठसा डिस्कवर सारखा गडद पट्टा म्हणून उमटला की कॅलिपर सरळ बसला आहे. पट्टा फक्त आत किंवा फक्त बाहेर दिसला तर शिमकडे परत जावं. पूर्ण वेगाच्या पहिल्या सत्रानंतर डिस्क थंड झाली की कड भिंगाने पाहावी, विशेषतः भोकांच्या आसपास. शंका आली तर डाय पेनिट्रंट (तड्यात शिरून तो दाखवणारा रंग) फवारून खात्री करावी. बोल्ट टॉर्क रेंचने पुन्हा तपासावेत. डिस्कवर निळसर छटा आली असेल तर ती गरजेपेक्षा जास्त तापते आहे: तिला जाड डिस्क हवी, किंवा हवेची वाट मोकळी करायला हवी, किंवा आपण व्यास जरा जास्तच कापला आहे. कोणत्याही कडेला केसाएवढा तडा दिसला, तर ती डिस्क त्याच दिवशी कार्टवरून उतरवावी.